डेसिबलची वजाबाकी : उच्च गणितावाचून ऑप्टिकल फायबर शिकताना

ऑप्टिकल फायबरवरील पाठ्यपुस्तके साधारणपणे प्रकाशाच्या अपवर्तनापासून सुरू होतात आणि काही पानांतच विकलक समीकरणांच्या आधाराने पुढे सरकू लागतात. जमिनीखाली केबल टाकणारा, तिच्यातले तंतू जोडणारा आणि बिघाड शोधणारा तंत्रज्ञ मात्र बहुधा दहावी, आयटीआय किंवा पदविका एवढ्या शिदोरीवर या कामात येतो. ती समीकरणे त्याने पाहिलेली नसतात किंवा पाहूनही विसरलेली असतात, आणि तरीही काही काळाने दोष सांध्यात आहे की केबल कुठे वाकल्यामुळे आहे, ग्राहकाच्या घरापर्यंत प्रकाश पुरेल की नाही, हे तो खात्रीने सांगू लागतो. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे जोडणीचे काम केले आणि नंतर तेच काम नव्या मुलांना शिकवले. त्यातून असे दिसून आले की पुस्तकात प्रकाशापासून निघून घटीपर्यंत येणारा क्रम कामावर उलटा होतो. आधी हाती येते ती घट, म्हणजे कामावरच्या भाषेतला ‘लॉस’, आणि तिचे कारण शोधता शोधता प्रकाशाचे वर्तन उलगडत जाते. हा उलटा क्रम केवळ सोय म्हणून स्वीकारण्याजोगा नाही. उच्च गणित नसलेल्या माणसाला या विषयात शिरण्याची तीच सर्वांत भक्कम वाट आहे, असे या लेखात मांडायचे आहे.

हा प्रश्न महत्त्वाचा होण्यामागे या तंत्रज्ञानाचा झालेला प्रसार आहे. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली, तेव्हा हे ज्ञान दूरसंचार खात्यातील मोजक्या अभियंत्यांपुरते होते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली, जी पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. त्याच्या पुढच्या काळात खाजगी कंपन्यांची फायबर जोडणी शहरांत आणि तालुक्याच्या गावांत थेट घरापर्यंत पोहोचली. तंतू बनवण्याचे कामही छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांत चालते. परिणामी फायबरचा सांधा मारणे हे आता पदवीधर अभियंत्याचे काम राहिलेले नसून, गावोगावच्या तरुणांचा तो रोजगार झाला आहे, आणि त्यांना हा विषय नेमका कुठून शिकवावा हे ठरवणे भाग पडले आहे.

शिकण्याची सुरुवात डेसिबलपासून होते. डेसिबल हे वस्तूचे माप नसून प्रमाणाचे माप आहे : आत गेलेल्या प्रकाशाचा किती भाग बाहेर आला, हे ते सांगते. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला, १० डेसिबल म्हणजे एक दशांश उरला, २० म्हणजे एक शतांश आणि ३० म्हणजे एक सहस्रांश. या चार जोड्या पाठ झाल्या की लॉगरिदमचे कोष्टक उघडावे लागत नाही, कारण या मापाची रचनाच अशी आहे की प्रमाणांचा गुणाकार येथे बेरजेच्या रूपात येतो. एका ठिकाणी प्रकाश निम्मा झाला आणि पुढे त्याचा दहावा भाग उरला, तर एकूण विसावा भाग उरला हे गुणाकाराने कळते. डेसिबलमध्ये तेच ३ आणि १० यांची बेरीज करून १३ असे लिहिले जाते. प्रत्यक्ष शक्ती सांगायची असेल तर १ मिलिवॅटला शून्य मानून डीबीएम हे एकक वापरतात, म्हणून उणे २० डीबीएम म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. मीटरवर उणे चिन्ह पाहून नवा माणूस बिचकतो, पण प्रकाश उणा झालेला नाही, तो केवळ एका मिलिवॅटहून कमी आहे, एवढे समजले की ती भीती जाते.

या मापाची ताकद या क्षेत्राच्या इतिहासातूनच सर्वांत चांगली कळते. १९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की काचेतील घट दर किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणता आली तर काचेच्या तंतूवरून संदेशवहन व्यवहार्य ठरेल, आणि त्या काळच्या काचेतील मोठी घट काचेच्या स्वभावामुळे नसून तिच्यातील अशुद्धीमुळे आहे. त्या वेळच्या काचतंतूंत ही घट दर किलोमीटरला १००० डेसिबलच्या आसपास होती, म्हणजे मीटरला एक डेसिबल; अशा तंतूत अवघ्या २० मीटरवर प्रकाशाचा शंभरावा भाग उरत असे. काओंची अट पूर्ण झाल्यास तीच अवस्था १ किलोमीटरवर येणार होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्त्झ यांनी ती अट ओलांडून १७ डेसिबलपर्यंत मजल मारली, आणि आजच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट दर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असल्यामुळे शंभरावा भाग उरायला १०० किलोमीटर अंतर जावे लागते. २० मीटर, १ किलोमीटर आणि १०० किलोमीटर या तीन अंतरांत काचेच्या शुद्धतेचा सारा प्रवास सामावतो, आणि तो समजण्यासाठी २० या आकड्याला तीन वेगवेगळ्या घटींनी भागण्यापलीकडे काही करावे लागत नाही. काओंना या कामासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरापर्यंतच्या जोडणीत हीच रीत रोजच्या उपयोगाची ठरते. केंद्रातून ३ डीबीएम शक्तीचा प्रकाश निघाला आणि ग्राहकाचे घर ८ किलोमीटरवर असेल, तर काचेतील घट साधारण २ डेसिबल धरता येते. वाटेत एक प्रकाश बत्तीस घरांत वाटणारा स्प्लिटर असतो. दर वेळी प्रकाश दोन वाटांत विभागला की ३ डेसिबल जातात, आणि बत्तीस वाटा होण्यासाठी असे पाच वेळा दुभागावे लागते. म्हणून आदर्श घट १५ आणि प्रत्यक्षातील सुमारे १७ डेसिबल. सहा सांध्यांचे प्रत्येकी ०.१ आणि चार कनेक्टरांचे प्रत्येकी ०.४ धरले तर आणखी २.२ जातात. एकूण घट २१.२ आणि घरी पोहोचणारी शक्ती उणे १८.२ डीबीएम, म्हणजे सुमारे १५ मायक्रोवॅट. घरातल्या यंत्राला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो, म्हणून जवळपास ९ डेसिबल हाताशी राहतात. हा ताळेबंद एकदा स्वतः मांडणाऱ्या शिकाऊला कळून चुकते की सर्वाधिक प्रकाश स्प्लिटर नेतो, मैलोन्‌मैल काच फार थोडा नेते, आणि मीटरवर उणे १८ ऐवजी उणे २६ दिसत असेल तर हरवलेले ८ डेसिबल अंतराने नेलेले नाहीत, ते कुठल्या तरी चुकीच्या सांध्यात, घाणेरड्या कनेक्टरमध्ये किंवा वाकलेल्या केबलमध्ये शोधायला हवेत.

शोध सुरू झाला की तंतूची रचना समजून घ्यावीच लागते. कोटिंग काढल्यावर हाती उरणारा काचेचा तंतू १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असतो, आणि त्याच्या मध्यभागी सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियमचे अत्यल्प मिश्रण करून तिचा अपवर्तनांक भोवतीच्या आवरणापेक्षा किंचित वाढवलेला असतो. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातील प्रकाशाच्या वेगाला त्या माध्यमातील वेगाने भागून येणारी संख्या. दहावीच्या विज्ञानात शिकलेले पूर्ण आंतरिक परावर्तन येथे कामी येते, कारण जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमातून कमी अपवर्तनांकाच्या माध्यमाकडे जाणारा किरण सीमेला पुरेसा तिरपा लागला तर बाहेर न पडता पूर्णपणे आत परततो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्यामुळे गाभ्याच्या अक्षाशी साधारण ५ अंशांच्या आत असलेला प्रकाशच आत टिकतो. परावर्तन काच आणि हवा यांच्या सीमेवर होऊ दिले तर तंतूला लागलेली धूळ, ओरखडा किंवा बोटाचा स्पर्शसुद्धा प्रकाश बाहेर काढतो; काचेला काचेचेच आवरण दिले की ती सीमा आत सुरक्षित राहते. पंजाबमधील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स, तसेच नेदरलँड्सचे अब्राहम व्हॅन हील यांचे या विषयावरील शोधनिबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांपैकी आवरणाची कल्पना व्हॅन हील यांनी मांडली.

सांधा मारताना ही रचना बोटांना कळते. आधी प्रोटेक्शन स्लीव्ह तंतूवर सरकवून ठेवायची, मग स्ट्रिपरने कोटिंग काढायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तंतू पुसायचा, क्लीव्हरने काटकोनात कापायचा आणि स्प्लायसिंग मशीनच्या खोबणीत ठेवायचा, हा क्रम नव्या माणसाला कर्मकांडासारखा वाटतो, कारण डोळ्यांना या साऱ्यातले काहीच दिसत नाही. त्याला अर्थ येतो तो एका हिशोबाने : दोन गाभे एकमेकांपासून बाजूला एक मायक्रॉन सरकले तर सुमारे ०.२ डेसिबल जातात, म्हणजे जितका प्रकाश एक किलोमीटर काच खाते तितकाच एका मायक्रॉनची चूक खाते. सरक दुप्पट झाली तर घट चौपट होते आणि दोन मायक्रॉनला ०.८ डेसिबलच्या घरात जाते. हे कळल्यावर स्वच्छता हा शिस्तीचा भाग राहत नाही; धुळीचा एक कण गाभ्याहून मोठा असू शकतो, तो खोबणीत बसला तर तंतू उचलला जातो आणि काही किलोमीटरांइतका प्रकाश त्या एका जागी संपतो, हे कारण शिकाऊच्या मनात पक्के बसते. मशीन दोन्ही टोके कॅमेऱ्याने पाहून स्वतः जुळवते, विजेच्या ठिणगीने त्यांना वितळवून एकजीव करते आणि पडद्यावर अंदाजित घट दाखवते. त्या अंदाजामागे जे गणित आहे ते मशीन बनवणाऱ्याने एकदाच करून आत भरून ठेवलेले आहे. त्याचे उत्तर वापरायला हरकत नाही, मात्र तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे, ही जाण तंत्रज्ञाकडे असावी लागते.

खरे मोजमाप ओटीडीआर या उपकरणाने होते, आणि उच्च गणितावाचून शिकण्याची शक्यता व मर्यादा दोन्ही येथेच स्पष्ट होतात. हे उपकरण तंतूत प्रकाशाचा अत्यल्प काळाचा ठोका सोडते आणि परत येणारा प्रकाश मोजते. काचेच्या आतील सूक्ष्म असमानतेमुळे प्रकाशाचा थोडासा भाग सतत सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातला काही मागे वळतो. आकाश निळे दिसण्यामागे हेच रॅले विखुरण असते. तरंगलांबी वाढली की हे विखुरण चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते, म्हणून १३१० नॅनोमीटरपेक्षा १५५० नॅनोमीटरला ते जवळपास निम्मे होते, आणि दर किलोमीटर ०.३५ व ०.२ डेसिबल या दोन परिचित आकड्यांतला फरक बराचसा यानेच समजतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला १० मायक्रोसेकंद लागतात. मोजलेल्या मायक्रोसेकंदांना १० ने भागले की किलोमीटरमधले अंतर मिळते. पडद्यावर उताराची रेषा दिसते : सरळ उतार म्हणजे काच, पायरी म्हणजे सांधा किंवा वाकणे, आणि वर उसळणारा सुळका म्हणजे जिथे काचेला हवा भेटते असा कनेक्टर किंवा तुटलेले टोक.

या रेषेवर विसंबून खोदायला निघालेल्या पथकाला मात्र दोन गोष्टींची आठवण ठेवावी लागते. पहिली ही की उपकरण वेळ मोजते आणि अंतर सांगण्यासाठी त्याला अपवर्तनांक सांगावा लागतो, १.४६८ ऐवजी १.४६० भरला तर २० किलोमीटरवर अंतर शंभराहून अधिक मीटर चुकते, आणि जेसीबी चुकीच्या जागी खोदतो. दुसरी ही की तंतूची लांबी रस्त्याच्या लांबीइतकी नसते, कारण तंतू केबलमध्ये थोडा पिळून बसवलेला असतो आणि ठिकठिकाणच्या चेंबरमध्ये जादा केबलची वेटोळी ठेवलेली असतात. म्हणून कोणत्या चेंबरमध्ये किती लूप आहे याची नोंद ठेवणारी वही ओटीडीआरइतकीच मोलाची ठरते. दीर्घ काळ या कामात असलेली माणसे आधी वही उघडतात आणि मग उपकरण लावतात, यामागे हेच कारण आहे.

अनुभवात विलक्षण बोधक ठरणारी गोष्ट म्हणजे गेनर, म्हणजे सांध्यावर रेषा खाली न उतरता वर चढलेली दिसणे. सांध्यात प्रकाश वाढणे अशक्य आहे, हे शिकाऊला माहीत असते, आणि म्हणून पडद्यावर ते दिसताच उपकरण बिघडले असा त्याचा समज होतो. उलगडा असा की उपकरण पुढे गेलेला प्रकाश मोजतच नाही, ते मागे वळलेला प्रकाश मोजते. सांध्याच्या पुढचा तंतू आधीच्या तंतूपेक्षा अधिक प्रकाश मागे पाठवणारा असेल तर रेषा वर जाते, आणि दुसऱ्या टोकाकडून मोजल्यास त्याच सांध्यावर वाजवीपेक्षा मोठी घट दिसते. दोन्ही दिशांच्या मापांची सरासरी घेतली की खरी घट मिळते. मोजलेली संख्या आणि मोजायची असलेली गोष्ट या दोन वेगळ्या असू शकतात, हा मोजमापशास्त्रातला गहन विचार येथे दोन संख्यांच्या बेरजेला दोनाने भागून शिकता येतो, आणि तो शिकलेला तंत्रज्ञ पुढे कोणत्याच मीटरवर आंधळेपणाने विश्वास ठेवत नाही.

किरणांचे नागमोडी चित्र मात्र एका टप्प्यावर सोडून द्यावे लागते. गाभा ५० मायक्रॉनचा असलेल्या बहुमार्गी तंतूत ते चित्र बरेचसे खरे उतरते, कारण तेथे प्रकाशाला अनेक वाटा असतात. एकाच फडातून एकाच वेळी निघालेल्या उसाच्या बैलगाड्या काही सरळ रस्त्याने आणि काही बांधाबांधाने गेल्या तर कारखान्यावर त्या एकत्र पोहोचत नाहीत, आणि पुढची खेप लवकर सोडली तर दोन खेपांची सरमिसळ होते. त्याचप्रमाणे प्रकाशाचे ठोके पसरतात आणि लांब अंतरावर एकमेकांत मिसळून वाचता येत नाहीत. गाभा ९ मायक्रॉनपर्यंत बारीक केला की १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला एकच मार्ग उरतो. तो एकच का उरतो, हे नागमोडी किरणाने सांगता येत नाही. तेथे प्रकाशाला तरंग मानावे लागते, आणि त्या तरंगाचा काही भाग गाभ्याबाहेर आवरणातही पसरलेला असतो, हे स्वीकारावे लागते. तरंगांचे गणित न करताही ही गोष्ट पडताळता येते : केबल एखाद्या खिळ्यावर किंवा खिडकीच्या चौकटीत घट्ट वाकली असेल तर १३१० ला किरकोळ घट दिसते आणि १५५० ला मोठी, कारण तरंगलांबी वाढली की प्रकाश आवरणात अधिक पसरतो आणि वळणावर आधी निसटतो. सांधा चुकीचा असेल तर दोन्ही तरंगलांबींवर घट साधारण सारखीच येते. ही एक तुलना केली की दोष खोदायचा आहे की केवळ वाकलेली केबल सैल करायची आहे, हे ठरते.

या साऱ्या प्रकाशाची एक अडचण अशी की तो दिसत नाही. संदेशवहनाचा प्रकाश अवरक्त असल्यामुळे तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरून काहीही कळत नाही, आणि सवय म्हणून असे पाहणे डोळ्यांना घातक ठरू शकते. म्हणून मीटर लावल्याशिवाय टोक रिकामे मानायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. जवळचा तुटलेला भाग शोधण्यासाठी लाल प्रकाश सोडणारे छोटे उपकरण वापरतात, पण त्या तरंगलांबीला काचेतील घट फार मोठी असल्यामुळे त्याचा उपयोग चार-पाच किलोमीटरपर्यंतच होतो.

उच्च गणितावाचून कुठवर जाता येते, याचे उत्तर यातून मिळते. जोडणी, तपासणी, ताळेबंद आणि दोषशोधन येथपर्यंत बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि चार पाठ केलेल्या जोड्या पुरतात. नवा तंतू घडवणे, वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाचे वेगवेगळे वेग मोजून दीर्घ पल्ल्याच्या मार्गाची आखणी करणे किंवा एकाच तंतूतून अनेक तरंगलांबी पाठवणाऱ्या यंत्रणेची रचना करणे, यांसाठी समीकरणे टाळता येत नाहीत आणि टाळता येतात असे सांगणे शिकणाऱ्याची फसवणूक ठरेल. मात्र घटीच्या वाटेने आलेल्या माणसाला लॉगरिदम नवा वाटत नाही, कारण डेसिबलच्या रूपाने तो त्याने रोज वापरलेला असतो. त्याला केवळ त्यामागचा नियम पाहायचा उरतो. प्रशिक्षणाचा पाठ्यक्रम आखताना म्हणून पहिल्या आठवड्यात शिकाऊच्या हाती पॉवर मीटर आणि एक लांब तंतू द्यावा, त्याला घट मोजू द्यावी, ती का झाली हे विचारू द्यावे, आणि अपवर्तनाचा धडा त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल शिकवावा. पुस्तकाच्या क्रमाने शिकवलेली मुले परीक्षेत सूत्र लिहितात, पण खड्ड्यात उतरल्यावर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.